वखवख कुणाला सुटते?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई सोलापूरच्या. घरी तेलुगू, शाळा मराठी. खाणकामगारांवरच्या एका इंग्रजी कथेचा त्या मराठीत अनुवाद करताहेत. ‘अतिशय तीव्र, अनावर इच्छा’ या अर्थाचा शब्द शोधताना जुन्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांना ‘वखवख’ सापडला आणि तो त्यांनी तीन ठिकाणी वापरला. ‘त्याला ज्ञानाची वखवख होती.’ ‘आई लेकराच्या वखवखीनं दाराशी बसून राहिली.’ ‘तो म्हातारा वखवखलेल्या नजरेनं ताटाकडे बघत होता.’ संपादकांनी पहिल्या दोन वाक्यांखाली रेघ मारली, कारण दिलं नाही. कोशातला अर्थ बरोबर असताना शब्द चुकतो कसा, असं त्यांचं विचारणं आहे.

मी मुद्रितशोधक. आधी सोलापुरातल्या एका दैनिकात आणि नंतर पुस्तकांच्या कामात हेच करत आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. संपादकांच्या दोन्ही रेघा योग्य आहेत. माझ्या हातात पान असतं तर तिसरीही मारली असती. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी कोशाचं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली आला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या काळच्या इंग्रजीत ‘व्हायोलंट’ हे विशेषण इच्छेला लागे तसंच वाऱ्याला लागे, तापाला लागे, खोकल्यालाही लागे. अर्थ एवढाच, की जोर फार. त्यात मारहाण नाही. तेव्हा कुठं ‘हिंसक इच्छा’ किंवा ‘हिंस्र लालसा’ असं लिहिलं असेल तर ते आधी खोडा. ‘अनावर’ पुरतो. पण असा कोश शब्दाचा जोर सांगून मोकळा होतो. तो शब्द कोण, कुणाबद्दल, कसल्या आवाजात बोलतं, हे त्याच्या एका ओळीत मावत नाही, आणि ‘वखवख’चा सगळा जीव तर त्या आवाजातच आहे.

हुरड्याच्या दिवसांत आपल्याकडं शेतावर आगटी पेटते ते तुम्ही पाहिलं असेल. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, गरम असतानाच एकजण ती चोळून दाणे पाडतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि पहिला घास पाहुण्याच्या हातावर पडतो. तेवढ्यात एक पोरगं मधे हात घालतं. त्याचा स्वतःचा वाटा समोर कागदावर पडलेलाच असतो, शेंगाचटणीसकट, पण त्याचे डोळे दुसऱ्याच्या ओंजळीवर. आजी म्हणते, “काय बे, किती वखवख करलालास! तुझं तुला हाय की.” या एका वाक्यात शब्दाचा पुरा अर्थ आला. इच्छा पोटातली आहे, ती हाताडोळ्यांतून बाहेर दिसते आहे, वाटा मिळूनही ती थांबत नाही, आणि बघणाऱ्याला ते बघवत नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वखवख ही पाहणाऱ्यानं दुसऱ्यावर केलेली टीका आहे.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी, की शब्द ‘मला’बरोबर लावून पाहायचा. ‘मला तलफ आली’ कुणीही म्हणतो, लाजत नाही. ‘मला गाण्याची हौस आहे’ तर मिरवून सांगतात. ‘मला एकच ध्यास आहे’ हे भाषणात चालतं. ‘मला वखवख सुटली आहे’ असं मात्र माणूस थट्टेत म्हणेल नाहीतर पश्चात्तापात, एरवी नाही. तुमच्या पहिल्या दोन वाक्यांत लेखकाला त्या माणसांबद्दल आदर आणि माया आहे, आणि शब्द मात्र आजीच्या दटावणीचा पडला. रेघ त्यामुळे.

आता शब्दाची घडण बघा. तगमग, तळमळ, कळकळ, जळजळ, मळमळ, हुरहुर, वळवळ, चुळबुळ या घराण्यातला हा शब्द. यातले बरेचसे आधी शरीरात घडतात. छातीत जळजळ, पोटात मळमळ, घशात खवखव. मग त्यांतले काही वर चढून मनापर्यंत पोचले: कळकळ मायेची झाली, तळमळ काळजीची झाली. ‘वखवख’ चढलाच नाही, तोंड आणि पोट यांच्या आसपास राहिला. ‘खवखव’ची अक्षरं उलटली की ‘वखवख’ होतो. घशातली ती बोचरी चुळबुळ त्याच्यात अजून ऐकू येते, निदान मला तरी. पुढं तो पैशाला लागला, सत्तेला लागला, बाईकडे बघणाऱ्या नजरेला लागला. पण जिथं लागतो तिथं त्या गोष्टीचं खाद्य करतो. ‘ज्ञानाची वखवख’ खटकते ती यामुळेच. उलट ‘पदव्यांची वखवख’ म्हणून बघा, लगेच बसतं, कारण तिथं टोमणा मारायचाच आहे. दिवाळी अंकातल्या विनोदी लेखात ते वाक्य मी आनंदानं जाऊ दिलं असतं.

व्याकरण दोन ओळींत. स्त्रीलिंगी, अनेकवचन वापरात नाही. तळमळीनं, कळकळीनं तसं वखवखीनं. क्रियापद वखवखणे, अकर्मक. छापील मराठीत नामापेक्षा ‘वखवखलेला’ हे रूपच जास्त दिसतं: सत्तेसाठी वखवखलेला, पैशाला वखवखलेला.

खरी गंमत क्रियापदांची आहे, आणि तुमच्यासारख्या अनुवादकाला कोशापेक्षा तिचाच उपयोग जास्त. मराठीत इच्छेची जात नामावरून पूर्ण कळत नाही, ती कोणत्या क्रियापदाशी नांदते त्यावरून कळते. वखवख *सुटते*. हाव *सुटते*. सोलापुरात ‘काय खा खा सुटलीय’ म्हणतात, ती खा खाही *सुटते*. आणखी काय काय सुटतं ते आठवा. तोंडाला पाणी, अंगाला खाज, घाम, वारा, पोट. माणसाच्या हातात नसलेल्या, आवरता न येणाऱ्या गोष्टी सुटतात. इथं माणूस कर्ता उरत नाही, गोष्ट त्याच्यातून बाहेर पडते.

‘लागणे’ वेगळं. नाद लागतो, चटक लागते, वेड लागतं, ओढ लागते, तहान लागते. बाहेरून काहीतरी येऊन चिकटलं, म्हणजे आधी नव्हतं. ‘त्याला जुगाराचा नाद लागला’ यात एक काळ असा होता जेव्हा तो बरा होता, हे गृहीत आहे. ‘येणे’ म्हणजे लाट: लहर येते, तलफ येते, आणि आली तशी जाते. ‘होणे’ सगळ्यांत सौम्य, इच्छा होते. आणि ‘धरणे’, ‘घेणे’ यांत मात्र माणूस स्वतः उभा असतो: हव्यास धरतो, हट्ट धरतो, ध्यास घेतो. ‘हाव’ दोन्हीकडे जाते. सुटतेही, धरलीही जाते, म्हणून ती सगळ्यांत कामाची. वखवख कुणी धरत नाही. ‘त्यानं सत्तेची वखवख बाळगली’ असं वाक्य परवाच एका हस्तलिखितात होतं. वखवख बाळगायला ती काय कोंबडी आहे का? बाळगायची ती आकांक्षा.

इच्छा संपते कशी हेही पाहून ठेवा. हौस फिटते किंवा भागते. तहान आणि तलफ भागतात. इच्छा पुरी होते, आशा मावळते. वखवखीला असं संपवणारं क्रियापद जवळजवळ नाहीच. ‘वखवख भागली’ कुणी म्हणत नाही. ‘थांबव ती वखवख’ म्हणतात. भागणं तिच्या स्वभावात नाही, बाहेरून कुणीतरी दटावून थांबवावी लागते.

‘तलफ’ची गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. हजारो बाया विड्या वळून घर चालवतात असं हे शहर. तलफ एका ठरावीक वस्तूची असते: विडीची, चहाची, तंबाखूची. वेळेला बांधलेली असते आणि वस्तू मिळाली की दहा मिनिटांत माणूस शांत. तिला नीतीचा वास नाही. तंबाखूच्या तलफेनं कासावीस झालेल्या माणसाला वखवखलेला म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होतो. हिंदीत हीच ‘तलब’. अरबीत तलब म्हणजे मागणी. जुन्या मराठी कागदांत ‘तलब’ हा शब्द बोलावणं, मागणी, पगार या अर्थांनी भेटतो.

हौसेचा प्रवास मला फार आवडतो. मूळ ‘हवस’. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द हिंदी-उर्दूत आजही कामवासना, बेबंद लोभ अशा काळ्या अर्थानं चालतो. मराठीनं तो घेतला, धुऊन वाळत घातला आणि ‘हौस’ करून टाकला. आता हौसेनं पैठणी घेतात, नातवाचं बारसं करतात, ‘हौसेला मोल नाही’ म्हणतात. विजापूर वेशीतला माझा एक मित्र उर्दू शाळेत शिकवायचा. ‘हौशी कलावंत’ हे शब्द त्यानं नाट्यगृहाबाहेरच्या फलकावर पहिल्यांदा वाचले तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

‘लोभ’ही असाच दोन घरचा. षड्रिपूंत तो शत्रू. पत्राच्या शेवटी मात्र ‘लोभ असावा ही विनंती’, आणि गोड बाळ ‘लोभस’. ‘हव्यास’ हा लांब पल्ल्याचा शब्द. एका दिवसात हव्यास होत नाही, वर्षानुवर्षं साठवत जाणं त्यात आहे: जमिनींचा हव्यास, दागिन्यांचा हव्यास. दोष आहे, पण चिकाटीही आहे, म्हणून जुन्या नाण्यांचा हव्यास असलेल्या माणसाबद्दल आपण थोडं कौतुकानंही बोलतो. ‘सोस’ त्याच्या जवळचा, पण जरा घरगुती आणि कीव करणारा: ‘तिला भांड्यांचा भारी सोस.’ ‘लालसा’ पुस्तकी, चांगल्या वाक्यात एकदा पुरे. ‘हपापलेला’ वखवखलेल्याचा सख्खा भाऊ, आणि ‘हपापाचा माल गपापा’ या म्हणीत त्याचा पुढचा हिशेबही आहे. तुम्हाला आदरानं, तरीही पोटतिडकीनं काही म्हणायचं असेल तर ‘असोशी’ हा शब्द हाताशी ठेवा. असोशीनं वाचणं, असोशीनं जगणं. हल्ली कमी दिसतो. दिसला की मी त्याला हात लावत नाही.

‘वासना’वर थोडं थांबायला हवं, कारण या शब्दाचं वर्तमानपत्रांनी वाटोळं केलं. वासना म्हणजे आधी मनावर उरलेला संस्कार, फूल काढून घेतल्यावर कापडाला राहतो तसा वास. म्हणून दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही, की नदीकाठची जाणती माणसं म्हणतात, “कशात तरी वासना ऱ्हायलीय बघा.” मग मुलगा हात जोडून मोठ्यानं सांगतो, धाकटीचं लग्न करतो, विहिरीचा वाटा भावाला देतो, काळजी करू नका. यात शरीरसुखाचा संबंध कुठंच नाही. राहून गेलेली ओढ, बस. आज मात्र ‘वासना’ म्हटलं की तरुण वाचकाला एकच अर्थ कळतो, त्यामुळे अनुवादात जुन्या अर्थानं हा शब्द वापरताना भोवतालच्या वाक्यानं त्याला धरून ठेवावं लागतं.

वाटोळं केलं म्हणालो ते असं. गुन्हेवार्तेत ‘वासनेची शिकार’, ‘वासनांध नराधम’, ‘वखवखलेल्या नजरा’ हे साचे ठरलेले असतात. मी टेबलावर असताना ते शक्य तिथं काढत असे आणि त्यावरून वार्ताहरांशी खटके उडत. त्यांना वाटे, म्हातारा सोवळं पाळतो. माझा मुद्दा सुटण्याचा होता. वखवख सुटली, वासना भडकली, असं लिहिलं की कर्ता कोण झाला? वासना. माणूस नुसता तिच्या वाटेत उभा होता. अत्याचार करणारा माणूस ठरवून, संधी बघून, दार लावून करतो. त्याला खाज किंवा घाम सुटल्यासारखं व्याकरण देणं म्हणजे त्याची निम्मी वकिली करणं. ‘अमक्यानं लैंगिक अत्याचार केला’ हे वाक्य रुक्ष आहे आणि बरोबर आहे. कथेत तुम्हाला जास्त मोकळीक आहे, हे खरं. तिथंही शब्द कुणाच्या डोळ्यांतून येतो आहे ते बघा. रस्त्यानं जाणाऱ्या बाईला त्या नजरा ‘वखवखलेल्या’ वाटल्या, तर तो तिचा शब्द आहे आणि तो तिथं सोन्यासारखा आहे.

आता तुमच्या घरच्या भाषेविषयी, कारण मला वाटतं चुकीचं मूळ तिथं आहे, आणि चूक म्हणायलाही मी तयार नाही. तेलुगूत ‘आशा’ एका टोकाला उमेद असते आणि दुसऱ्या टोकाला हावरटपणा. ‘दुराशा’ म्हणजे सरळसरळ लोभ. कन्नडमध्येही ‘आसे’ म्हणजे इच्छा आणि ‘दुरासे’ म्हणजे हाव. मराठीत ‘दुराशा’ म्हणजे फोल ठरणारी आशा, बिचारी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू घरात आजी ‘दुराशा’ म्हणून रागावते आणि शाळेतल्या बाई ‘दुराशा’ म्हणून हळहळतात. एकच शब्द दोन्हीकडून ऐकत वाढलेल्या मुलीला इच्छेचे सगळे शब्द एकाच लांब दोरीवरचे वाटले तर नवल नाही. मराठीनं त्या दोरीचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळं नाव दिलं आहे. जुना रंग मराठीतही पुरता गेलेला नाही म्हणा. ‘आशाळभूत’मध्ये तो आहे, ‘आशेला अंत नाही’मध्ये आहे.

आणि गाव सोलापूर म्हटल्यावर कन्नड संतकवी अल्लमप्रभूंची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथं तळं खोदून घेत होते तेव्हा अल्लमप्रभू इथं येऊन त्यांना भेटले, असं लिंगायतांची शरण परंपरा सांगते. त्यांच्या एका प्रसिद्ध कन्नड वचनाचा आशय असा, की सोन्याला माया म्हणतात, सोनं माया नव्हे. बाईला माया म्हणतात, बाई माया नव्हे. मातीला माया म्हणतात, माती माया नव्हे. मनापुढची ‘आसे’ हीच माया. हे मराठीत आणताना ‘आसे’ला काय ठेवाल? ‘आशा’ ठेवलं तर मराठी वाचकाला उमेद ऐकू येते आणि वचन उलटं पडतं. ‘वासना’ ठेवलं तर आजचा वाचक ते फक्त बाईच्या ओळीला जोडेल. ‘वखवख’ तर अजिबात नको, कारण वचनात कुणाला हिणवलेलं नाही. मी ‘हाव’ ठेवतो. छोटा शब्द, सोनं-बाई-माती तिघांनाही सारखा लागू पडणारा. दुसऱ्या कुणी ‘तृष्णा’ ठेवली तर भांडणार नाही. आपली ‘तहान’ त्याच ‘तृष्णे’तून प्राकृतातल्या ‘तण्हा’मार्गे आलेली.

तुमच्या वाक्यांकडे वळतो. पहिल्यात ‘ज्ञानाची भूक’ किंवा ‘तहान’ झिजलेलं वाटेल, पण चुकणार नाही. मी असतो तर नाम काढून टाकलं असतं: ‘मिळेल ते तो असोशीनं वाचायचा.’ दुसऱ्यात आईला ‘आस’ लावा, किंवा क्रियापदावर जा: ‘लेकरासाठी आसुसलेली आई दाराशी बसून राहिली.’ ‘आसुसणे’त भूक आहे आणि मानही आहे.

तिसरं वाक्य संपादकांनी सोडलं, कारण समोर ताट आहे, नजर आहे, शब्द आपल्या घरात बसल्यासारखा दिसतो. पण तुम्ही कळवलंत त्याप्रमाणे तो म्हातारा खाण बंद पडल्यापासून अर्धपोटी आहे. मग तो वखवखलेला कसा? तो भुकेला आहे. वखवखीत गरजेच्या पलीकडचं काहीतरी असावं लागतं. १९७२च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात खडी फोडून सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली माणसं ज्यांनी पाहिली, ती त्यांना ‘वखवखलेली’ म्हणणार नाहीत, जीभच वळणार नाही. ‘दुष्काळातून उठून आलाय काय’ ही थट्टा आपण जेवून उठलेल्या माणसाची करतो, उपाशी माणसाची नाही. मूळ इंग्रजीत लेखकानं मुद्दाम हिणवणारा शब्द घातला असेल आणि तो ताट वाढणाऱ्या बाईच्या मनातला असेल, तर गोष्ट वेगळी. मग ‘वखवखलेल्या’ राहू द्या, पण वाक्य तिच्याकडून सुरू करा, म्हणजे कठोरपणा तिचा आहे हे कळेल. तसं नसेल तर ‘भुकेल्या नजरेनं’ लिहा.

शब्द वाया जाईल अशी काळजी नको. कथेत तो मुकादम आहे ना, प्रत्येकाच्या मजुरीतून आपला हिस्सा कापून घेणारा आणि तरीही विधवेच्या पाकिटाकडे बघणारा? तिथं वापरा. रेघ आली तर मला कळवा, मी संपादकांशी बोलतो.